विश्लेषण : पेशीचे गणित सोपे करणाऱ्या मॉड मेंटेन कोण होत्या? त्यांचे शंभर वर्षांपूर्वीचे आकडे आजही का चालतात?

साखरेच्या पाण्यावर केलेल्या एका प्रयोगाचे आकडे तब्बल ९८ वर्षांनी संगणकात भरले गेले. प्रयोग १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता, बर्लिनमध्ये, जर्मन भाषेत. केनेथ जॉन्सन आणि रॉजर गुडी या दोन शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये त्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्यातील तक्त्यांमधले आकडे आजच्या पद्धतीने पुन्हा तपासले. उत्तर जवळपास तेच आले. हे शक्य झाले याचे कारण साधे आहे. मूळ संशोधकांनी नुसता निष्कर्ष न देता मोजमापेही छापली होती. त्या दोन संशोधकांपैकी एक होते लिओनोर मायकेलिस आणि दुसऱ्या मॉड मेंटेन. जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘मायकेलिस-मेंटेन समीकरण’ पाठ असते. पण त्यातील मेंटेन ही एक स्त्री होती, हे अनेकांना पदवी हातात पडेपर्यंत ठाऊक नसते.

मॉड मेंटेन कोण होत्या?

मॉड लिओनोरा मेंटेन यांचा जन्म २० मार्च १८७९ रोजी कॅनडातील ओंटारियो प्रांतात, पोर्ट लॅम्बटन या छोट्या गावी झाला. पुढे कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटिश कोलंबियातील हॅरिसन मिल्स येथे गेले. उच्च शिक्षणासाठी मॉड पुन्हा पूर्वेला, टोरांटो विद्यापीठात आल्या. १९०४ मध्ये बीए आणि १९०७ मध्ये वैद्यकीय पदवी त्यांनी मिळवली. लगेच न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यांना संशोधनाची संधी मिळाली. रेडियमचा प्राण्यांमधील कर्करोगाच्या गाठींवर काय परिणाम होतो, यावर सायमन फ्लेक्सनर व जेम्स जॉबलिंग यांच्यासह त्यांनी काम केले. १९१० मध्ये आलेला तो प्रबंध त्या संस्थेच्या प्रबंधमालिकेतील पहिला होता. १९११ मध्ये त्यांना टोरांटोची एमडी मिळाली. त्या काळी ही संशोधनावर मिळणारी वरची पदवी होती आणि ती मिळवणाऱ्या कॅनडातील पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक.

वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, १९१२ मध्ये, त्या बर्लिनला निघाल्या. तेथे मायकेलिस यांच्याकडे मोठे विद्यापीठीय पद नव्हते. आम उर्बान या महापालिका रुग्णालयात सहकारी पीटर रोना यांच्यासह त्यांनी एक लहानशी प्रयोगशाळा उभी केली होती, एवढेच. मेंटेन त्या छोट्या जागेत शिकायला गेल्या, कारण विकरांचे म्हणजे एन्झाइमचे गणित तेव्हा तेथेच नीट होत होते.

बर्लिनमध्ये नेमके काय झाले?

आपल्याकडे साखरेचा पाक करताना त्यात लिंबू पिळतात, म्हणजे पाक पुन्हा जमून साखर होत नाही. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतो, हे त्यामागचे रसायन. यीस्टमधील ‘इन्व्हर्टेज’ हे विकर हेच काम फार वेगाने आणि आच न देता करते. हा वेग मोजायचा कसा, हा प्रश्न होता.

त्यासाठी वापरले जाणारे उपकरण महाराष्ट्राला परके नाही. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसातील साखर म्हणजे ‘पोल’ ज्या तत्त्वावर मोजतात, तेच ते पोलॅरिमीटर. साखरेच्या द्रावणातून विशिष्ट प्रकारचा प्रकाश जाताना त्याची पातळी थोडी वळते. साखर उजवीकडे वळवते, ती फुटून झालेले मिश्रण डावीकडे. ही दिशा उलटते म्हणूनच विकराचे नाव इन्व्हर्टेज पडले. दर काही मिनिटांनी कोन पाहायचा आणि किती साखर फुटली ते काढायचे.

फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिक्टर आँरी यांनी हे दहा वर्षांपूर्वीच केले होते आणि सूत्रही मांडले होते. मात्र त्यांच्या मोजमापांत दोन त्रुटी होत्या. एक म्हणजे द्रावणाच्या आम्लतेवर त्यांचे नियंत्रण नव्हते, आणि विकराचा वेग तर आम्लता जरा बदलली तरी बदलतो. दुसरी त्रुटी अधिक फसवी होती. नुकतेच तयार झालेले ग्लुकोज प्रकाश जेवढा वळवते, तेवढाच काही वेळाने वळवत नाही. त्याची रचना हळूहळू स्थिरावते. तोवर घेतलेला कोन खोटे बोलतो.

मायकेलिस आणि मेंटेन यांनी दोन्ही गोष्टींचा बंदोबस्त केला. पीएचची संकल्पना डॅनिश शास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्येच मांडली होती. त्याचा आधार घेऊन त्यांनी अॅसिटेटचे बफर वापरले आणि आम्लता एका जागी बांधून ठेवली. प्रत्येक नमुना काढला की त्यात सोडा घालायचा. त्याने विकराचे काम तिथेच थांबे आणि ग्लुकोजही झटपट स्थिरावे. मगच कोन वाचायचा. साखर कमी-जास्त, विकर मात्र तेवढेच, असे प्रयोग त्यांनी पुन्हा पुन्हा केले. कल्पना म्हणून यात डोळे दिपवणारे काही नाही. पण माझ्या मते या निबंधाचे खरे मोठेपण या सोड्यातच आहे.

समीकरण काय सांगते?

टोलनाक्याचे उदाहरण घेऊ. गाड्या कमी असतील तर गाड्या दुप्पट झाल्या की सुटणाऱ्या गाड्याही दुप्पट होतात. पण सगळ्या खिडक्या भरल्या की मागे कितीही रांग लागो, तासाला सुटणाऱ्या गाड्यांची संख्या वाढत नाही. विकराचे तसेच आहे. साखर थोडी असताना वेग साखरेबरोबर वाढतो, नंतर मंदावतो आणि शेवटी एका कमाल मर्यादेला टेकतो.

म्हणजे विकराचे वर्णन दोनच आकड्यांत करता येते. पहिला आकडा कमाल वेगाचा. दुसरा, वेग कमाल वेगाच्या निम्मा असताना साखर किती होती, त्याचा. या दुसऱ्या आकड्याला आज मायकेलिस स्थिरांक म्हणतात. बर्लिनच्या प्रयोगात तो लिटरला ०.०१६७ मोल आला. म्हणजे एक लिटर पाण्यात साधारण पावणेसहा ग्रॅम साखर. हा आकडा लहान असेल तर विकर थोड्या मालावरही जोमाने काम करते. मोठा असेल तर त्याला भरपूर माल लागतो. औषध एखाद्या विकराला कितपत अडवते, हे सांगतानाही हीच भाषा वापरली जाते.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. तयार झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज विकराच्या वाटेत येतात, त्याचा हिशेबही त्यांनी घातला आणि प्रयोगाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या मोजमापांना एकच स्थिरांक लागू पडतो का, हे पाहिले. पाठ्यपुस्तकांनी ‘सुरुवातीचा वेग’ तेवढा उचलला आणि हा भाग विसरला. २०११ च्या फेरतपासणीने तो पुन्हा समोर आणला. १९२५ मध्ये जॉर्ज ब्रिग्ज आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी हेच समीकरण अधिक व्यापक पायावर मांडून दाखवले. हे हाल्डेन म्हणजे पुढे भारतात स्थायिक होऊन १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तलेले तेच.

‘मिस’ का?

१९१३ च्या त्या निबंधावर लेखकांची नावे आहेत एल. मायकेलिस आणि ‘मिस’ मॉड एल. मेंटेन. त्या तेव्हा एमडी होत्या. प्रयोगशाळेतल्या दोन डॉक्टरांपैकी एकीच्याच नावामागे ती कुमारी असल्याची नोंद लागली. त्यात दुजाभाव होता की परदेशी पाहुणीबद्दलचे सौजन्य, यावर वाद घालता येईल. मात्र नाव निबंधावर आले आणि समीकरणातही टिकले, हेही खरे. त्या काळातील कित्येक स्त्रियांच्या वाट्याला केवळ तळटीप आली.

पुढची चाळीस वर्षे कशी गेली?

बर्लिनहून परतल्यावर मेंटेन यांनी १९१६ मध्ये शिकागो विद्यापीठाची पीएचडी घेतली. त्यानंतर पिट्सबर्ग विद्यापीठ हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले. तेथे त्या विकृतिशास्त्र शिकवत आणि मुलांच्या रुग्णालयात निदानाचे काम पाहत. म्हणजे दिवसा आजारी मुलांच्या ऊतींचे नमुने आणि उरलेल्या वेळात संशोधन. १९४४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह मूत्रपिंडाच्या पातळ कापांवर एक विकर जिथे आहे तिथेच रंग उमटवून दाखवण्याची रीत दिली. सूक्ष्मदर्शकाखाली विकराचा पत्ता शोधण्याच्या पुढील अनेक पद्धती त्या वाटेने गेल्या. त्याच सुमारास हिमोग्लोबिनचे रेणू विद्युतक्षेत्रात किती वेगाने सरकतात, हेही त्यांनी मोजले. पाच वर्षांनी लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी याच तत्त्वाने सिकल सेल हा रेणूचा आजार असल्याचे दाखवले. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये आज सिकल सेलच्या तपासणीत इलेक्ट्रोफोरेसिस हा शब्द ऐकू येतो, तो हाच.

पूर्ण प्राध्यापकपद त्यांना मिळाले ते सत्तरीच्या उंबरठ्यावर, निवृत्तीला एखाद-दोन वर्षे उरलेली असताना. त्या क्लॅरिनेट वाजवत, चित्रे काढत, ती प्रदर्शनात मांडत, डोंगर चढत आणि जुनी फोर्ड मॉडेल टी गाडी चालवत. १९५० मध्ये निवृत्त झाल्यावरही ब्रिटिश कोलंबियात काही काळ त्यांनी कर्करोगावर काम केले. संधिवाताने मग काम थांबवले. जुलै १९६० मध्ये ओंटारियोतील लेमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या. कॅनडाच्या वैद्यकीय ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचे नाव आले ते १९९८ मध्ये.

आजच्या मॉडेलशी त्यांचा संबंध काय?

पेशीत एका वेळी एकच विकर काम करत नाही. एकाचा तयार माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. प्रत्येक टप्प्याला मेंटेन यांच्या समीकरणाच्या घराण्यातले एक समीकरण लिहायचे, ती सगळी एकत्र जोडायची आणि संगणकाला सोडवायला द्यायची, की झाले चयापचयाचे गणिती मॉडेल. २००० मध्ये बास टॉइसिंक आणि सहकाऱ्यांनी यीस्ट ग्लुकोज कसे जाळते, याचे असे मॉडेल प्रसिद्ध केले. प्रत्येक विकर परीक्षानळीत मोजायचे आणि त्या आकड्यांवरून जिवंत पेशीचे वागणे सांगता येते का पाहायचे, असा त्यांचा बेत होता. सुमारे निम्म्या विकरांच्या बाबतीत अंदाज दुपटीच्या फरकाच्या आत जुळला. बाकीच्यांचा नाही. दोन्ही गोष्टी त्यांनी लिहिल्या. हे मॉडेल पुढे जगभर वापरले गेले, त्याला या प्रामाणिकपणाचाही हातभार असावा.

मग अडचण कुठे आहे?

अशा मॉडेलमध्ये डझनावारी समीकरणे आणि त्याहून जास्त आकडे असतात. निबंधात एक दशांश चिन्ह सरकले, एखाद्या पदार्थाचे सुरुवातीचे प्रमाण द्यायचे राहिले किंवा एकक चुकले, की दुसऱ्या प्रयोगशाळेत ते मॉडेल वेगळेच काही बोलू लागते. बहुतेक वेळा ते चालतच नाही. म्हणून मॉडेल कागदावर छापण्याऐवजी संगणकाला थेट वाचता येईल अशा ठरावीक स्वरूपात लिहावे, असा प्रयत्न या शतकाच्या सुरुवातीला झाला. त्या स्वरूपाचे नाव एसबीएमएल. त्यावरचा मुख्य निबंध २००३ चा. २००५ मध्ये इंग्लंडमधील हिंक्स्टन येथील युरोपीय संस्थेत ‘बायोमॉडेल्स’ हे भांडार सुरू झाले. तेथे मॉडेल नुसते साठवत नाहीत. तज्ज्ञ ते स्वतः चालवून पाहतात आणि निबंधातला आलेख खरेच निघतो का, याची खात्री झाली तरच तपासलेल्या विभागात ठेवतात. टॉइसिंक यांचे यीस्ट त्यात आहे. कोणीही ते मोफत उतरवून घेऊ शकते.

या भांडाराच्या चमूने २०२१ मध्ये आपल्या तपासणीचा हिशेब मांडला. प्रसिद्ध झालेल्या ४५५ मॉडेलपैकी जवळपास निम्मी निबंधात दिलेल्या माहितीवरून पुन्हा चालवता आली नाहीत. काहींत समीकरण चुकीचे छापले होते, काहींत आकडे किंवा सुरुवातीची स्थिती दिलेली नव्हती. काही मॉडेल तपासनिसांनी चुका हुडकून दुरुस्त केली, थोडी मूळ लेखकांशी संपर्क साधून सुटली, पण बरीच तशीच राहिली. अशा मॉडेलवर कोणी औषधाचा अंदाज बांधला, तर तो तपासायचा कशाशी? यावर त्या चमूने नियतकालिके आणि परीक्षकांसाठी आठ प्रश्नांची गुणपत्रिका सुचवली आहे. सगळी समीकरणे दिली आहेत का, आकड्यांचा तक्ता आहे का, सुरुवातीचे प्रमाण किती होते ते लिहिले आहे का, असे साधेच प्रश्न त्यात आहेत. बर्लिनच्या निबंधात प्रत्येक प्रयोगाच्या तक्त्यावर साखर किती घेतली होती, हे दिलेले आहे, आणि खाली मिनिटामिनिटाचे कोन.