पंडिता रमाबाई आणि त्रैक्याचा वाद

ज्यांच्या संस्कृत विद्वत्तेचा गौरव कलकत्त्याने १८७८ साली ‘पंडिता’ या पदवीने केला, त्या रमाबाई २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे कन्या मनोरमेसह ख्रिस्ती झाल्या. या धर्मांतराने महाराष्ट्रात उठलेले वादळ सर्वश्रुत आहे. खुद्द ख्रिस्ती मंडळींशी त्यांचा जो वाद झाला, तो मात्र तितकासा परिचित नाही.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे अँग्लिकन चर्चची सारी मते शिरोधार्य झाली, अशी सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा होती. पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य रमाबाईंच्या बुद्धीला पटेना. ते न मानणाऱ्यास तारण नाही असे बजावणारा अथानेशियसचा मतांगिकार तर त्यांना मुळीच रुचेना. चेल्टनहॅमहून त्यांनी पत्रांतून निक्षून कळविले की, आपण बायबल प्रमाण मानतो, धर्माधिकाऱ्यांची आज्ञा नव्हे. जिने शास्त्रीपंडितांचे जोखड झुगारले, ती बिशपांचे कसे पत्करणार?

पुढे त्यांची श्रद्धा पालटली, पण ती स्वतःच्या अनुभवाने. इकडे १८९३ साली शारदा सदनात धर्मप्रसार होतो म्हणून रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तिकडे त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, इकडे फाजील ख्रिस्ती ठरल्या!

या दोन्ही निवाड्यांना त्यांनी कृतीनेच उत्तर दिले. केडगावच्या मुक्ती सदनात निराधार स्त्रियांना आसरा देत असतानाच त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. ग्रंथ सामान्य स्त्रीच्या हाती आला की निवाड्याचा मक्ता कोणाकडेच उरत नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या, तोवर हे काम पुरे झाले होते.