विश्लेषण : कीटकाची ओळख पंखांवरून की तोंडावरून? ‘मारेकरी ढेकणां’ना वेगळे घर देणारे फॅब्रिशियस कोण होते?

भाताच्या लोंब्या दुधात आल्या की पनवेल, उरण, पेणच्या खाचरांत एक उग्र वास पसरतो. हा वास लोंबीतील ढेकण्याचा. दाण्यातला रस तो शोषून घेतो आणि दाणा पोचट राहतो. त्याच बांधावर, त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा एक कीटक दबा धरून बसलेला असू शकतो. तो भाताला तोंडही लावत नाही, तो अळ्या आणि इतर कीटक मारून खातो. इंग्रजीत त्याला ‘अ‍ॅसॅसिन बग’ म्हणतात, मराठीत मारेकरी ढेकूण. फवारणी करणाऱ्याला मात्र दोघेही ‘ढेकूण’च वाटतात आणि दोघेही मरतात.

या दोघांतला फरक नेमका कुठे पाहायचा, हा प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वी एका डॅनिश प्राध्यापकाने सोडवायला घेतला. त्याचे उत्तर होते, कीटकाच्या तोंडात. योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस हे त्यांचे नाव. कीटकशास्त्राच्या इतिहासात त्यांचे स्थान अगदी वरचे आहे.

मारेकरी ढेकूण म्हणजे काय?

रेड्युव्हिडी या कुळातील कीटकांना मारेकरी ढेकूण म्हणतात. जगात त्यांच्या सुमारे सात हजार प्रजाती ज्ञात आहेत. लांबट डोके, डोळ्यांच्या मागे मानेसारखा निमुळता भाग आणि डोक्याखाली वळलेली, जाड, आखूड चोच ही त्यांची खूण. ही चोच भक्ष्यात खुपसून ते लाळ सोडतात. लाळेमुळे भक्ष्य लुळे पडते, त्याच्या शरीराच्या आतला भाग विरघळतो आणि मग तो शोषून घेतला जातो. वापर नसताना चोचीचे टोक पुढच्या पायांच्या मधल्या खाचेत टेकलेले असते. ते तिथे घासून अनेक प्रजाती बारीक करकर आवाजही काढतात.

हेमिप्टेरा या मोठ्या गणात हे कुळ मोडते. मावा, तुडतुडे, पिठ्या ढेकूण, रातकिड्यांपेक्षाही कर्कश ओरडणारे सिकाडा आणि अंथरुणातला ढेकूण हे सगळे याच गणातले. म्हणजे शेतकऱ्याचे अनेक शत्रू आणि त्या शत्रूंना मारणारा हा शिकारी एकाच गणातले भाऊबंद आहेत.

फॅब्रिशियस यांची सुरुवात कशी झाली?

७ जानेवारी १७४५ रोजी श्लेस्विग प्रांतातील टोंडर या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव आज डेन्मार्कमध्ये आहे. वडील डॉक्टर होते. १७६२ मध्ये, वयाच्या १७ व्या वर्षी, त्यांनी कोपनहेगन विद्यापीठात प्रवेश घेतला आणि त्याच वर्षी मित्र योहान झोएगा याच्यासोबत स्वीडनमधील उपसाला गाठले. तिथे कार्ल लिनियस शिकवत होते. प्रत्येक सजीवाला दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत रूढ करणारे हेच ते लिनियस.

दोन वर्षे फॅब्रिशियस त्यांच्या हाताखाली शिकले. शिस्तीने वर्णन लिहायचे, मोजक्या शब्दांत लिहायचे आणि प्रत्येक जिवाला त्याची जागा द्यायची, ही सवय त्यांना तिथेच लागली. पण गुरूंची एक गोष्ट त्यांना पटली नाही. पुढचे सगळे आयुष्य त्या एका मतभेदाभोवती फिरले.

गुरू-शिष्यांचा मतभेद कशावरून होता?

लिनियस कीटकांची विभागणी मुख्यतः पंखांवरून करत. पंख किती, कसे, कडक की पातळ, यावरून गट ठरत. ‘हेमिप्टेरा’ या शब्दाचा अर्थच ‘अर्धे पंख’ असा आहे, कारण ढेकणांच्या अनेक प्रजातींचा पुढचा पंख मुळाशी जाड आणि टोकाला पातळ असतो.

पंख दुरून दिसतात, मोजायला सोपे असतात. पण त्यांनी फसगतही होते. लिनियस यांच्या ग्रंथाच्या १७६७ च्या आवृत्तीत झुरळ, नाकतोडा, प्रार्थनाकीटक आणि ढेकूण हे सारे एकाच गणात बसवले गेले होते. झुरळ मिळेल ते कुरतडते, नाकतोडा पान चावतो आणि ढेकूण चोच खुपसून शोषतो. यांचे जगणे एकमेकांशी जुळत नाही.

फॅब्रिशियस यांचा मुद्दा साधा होता. प्राणी काय खातो आणि कसे खातो, यावर त्याचे सारे जीवन बेतलेले असते. म्हणून वर्गीकरणही तोंडाच्या अवयवांवरून व्हायला हवे. हे काम सोपे नव्हते. मुंगीएवढ्या जिवाचे जबडे, सोंड, चोच भिंगाखाली तपासावी लागे. तेव्हा अनेकांना ही उगाच केलेली किचकट खटपट वाटली.

मारेकरी ढेकणाला वेगळे घर कधी मिळाले?

१७७५ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, फॅब्रिशियस यांचा ‘सिस्टेमा एन्टोमोलॉजिए’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात तोंडावरून बनवलेले नवे गट होते. चोच असलेल्या कीटकांच्या गटाला त्यांनी ‘रिन्गोटा’ म्हटले. ग्रीकमधील चोच किंवा तुंड या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. झुरळ आणि नाकतोडे या गटातून बाहेर गेले.

याच ग्रंथात ‘रेड्युव्हियस’ ही नवी प्रजात-जाती, म्हणजे जवळच्या प्रजातींचा संच, त्यांनी उभी केली. त्याआधीची स्थिती गमतीची होती. युरोपातील घरांत राहणारा एक मारेकरी ढेकूण आहे. त्याची पिल्ले अंगावर धूळ चिकटवून लपतात आणि अंथरुणातले ढेकूण खातात. लिनियस यांनी १७५८ मध्ये या शिकाऱ्याला ‘सायमेक्स’ या संचात टाकले होते. अंथरुणातला ढेकूणही त्याच संचात होता. म्हणजे मारणारा आणि मरणारा एकाच खणात. फॅब्रिशियस यांनी शिकाऱ्याला त्या खणातून काढून ‘रेड्युव्हियस’मध्ये ठेवले. त्यावरूनच पुढे पिएर आंद्रे लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०७ मध्ये संपूर्ण कुळाला नाव दिले. तेच आजचे रेड्युव्हिडी.

भारतातील कीटक त्यांच्यापर्यंत कसे पोहोचले?

फॅब्रिशियस कधी भारतात आले नाहीत. पण तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी ही १६२० पासून डेन्मार्कची वसाहत होती. तिथले डॉक्टर, मिशनरी आणि अधिकारी वनस्पती व कीटक गोळा करून युरोपात पाठवत. लिनियस यांचाच दुसरा शिष्य योहान गेरहार्ड कोनिग १७६८ मध्ये तिथे डॉक्टर म्हणून आला. आपल्या फोडणीतल्या कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात ‘कोनिगी’ हा शब्द आहे, तो याच डॉक्टरच्या नावावरून. कपाशीवरील तांबड्या ढेकणाच्या एका प्रजातीलाही फॅब्रिशियस यांनी १७७५ मध्ये ‘कोनिगी’ हेच नाव दिले.

दुसरा मोठा स्रोत लंडन होता. जोसेफ बँक्स यांनी कॅप्टन कुक यांच्या सफरीत जमवलेले कीटक तिथे होते. फॅब्रिशियस सुट्टी मिळाली की लंडनला जात, संग्राहकांच्या पेट्या उघडून एकेक नमुना पाहत आणि एक-दोन ओळींत त्याचे वर्णन लिहीत. असे करत त्यांनी आयुष्यभरात जवळजवळ दहा हजार कीटकांना नावे दिली. लिनियस यांचा आकडा सुमारे तीन हजारांचा होता.

आपल्या परिसरात त्यांची छाप कुठे दिसते?

पनवेलजवळच्या कर्नाळा अभयारण्यात फिरणाऱ्याला त्यांनी नावे दिलेले जीव सहज भेटू शकतात. झाडाची पाने शिवून घरटे करणारी आणि कडकडून चावणारी ओंबील (१७७५), उंच फांदीवर मोहोळ बांधणारी आग्या माशी (१७९३) आणि झाडाच्या ढोलीत राहणारी सातेरी मधमाशी (१७९३) या तिघींची शास्त्रीय नावे त्यांनी दिलेली आहेत.

भारतात शेतांत सर्वत्र आढळणारा लाल-काळा मारेकरी ढेकूण ‘रायनोकोरिस फ्यूसीपेस’ याला त्यांनी १७८७ मध्ये नाव दिले, तर ‘रायनोकोरिस मार्जिनॅटस’ला १७९४ मध्ये. भाताच्या लोंबीतील ढेकण्याच्या एका प्रजातीचे नावही १७९४ मधले, त्यांचेच. खाचरातला चोर आणि त्याच्या बांधावरचा शिकारी, दोघांच्याही नावापुढे ‘फॅब्रिशियस’ लिहिलेले असते.

यात एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. आग्या माशीच्या नावापुढे ‘फॅब्रिशियस, १७९३’ असे साधे लिहितात. लाल-काळ्या मारेकरी ढेकणाच्या नावापुढे मात्र ‘(फॅब्रिशियस, १७८७)’ असे कंसात लिहितात. कंसाचा अर्थ असा, की नाव त्यांचे, पण त्यांनी ज्या संचात ठेवले होते तिथून ती प्रजाती नंतर दुसरीकडे हलवली गेली. त्यांच्या ‘रेड्युव्हियस’मधून पुढे असे अनेक संच वेगळे झाले.

एवढे काम करूनही ते नाराज का होते?

१७७५ मध्येच त्यांना कील विद्यापीठात नेमणूक मिळाली. तेव्हा कील डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. विषय होते निसर्गविज्ञान आणि अर्थशास्त्र. अर्थकारणावरही त्यांनी पुष्कळ लिहिले. पण नेमणुकीच्या वेळी कबूल केलेले संग्रहालय आणि वनस्पती उद्यान काही झाले नाही. त्यांनी एकाहून अधिक वेळा राजीनाम्याचा विचार केला. जगातील कीटकांना घर देणाऱ्या या माणसाला स्वतःच्या विद्यापीठात नमुने ठेवायला हक्काची जागा नव्हती. म्हणूनच लंडन, पॅरिस, कोपनहेगन अशी त्यांची पायपीट अखेरपर्यंत चालू राहिली.

१७९२ ते १७९४ दरम्यान त्यांचा मोठा ग्रंथ खंडशः आला. १८०३ मध्ये केवळ चोचवाल्या कीटकांवरचा ‘सिस्टेमा रिन्गोटोरम’ प्रसिद्ध झाला. सप्टेंबर १८०७ मध्ये ब्रिटिश नौदलाने कोपनहेगनवर तोफा डागल्या, तेव्हा फॅब्रिशियस पॅरिसमध्ये होते. बातमी कळताच ते घाईने कीलकडे निघाले. आधीच खालावलेली प्रकृती या धावपळीत आणखी ढासळली. ३ मार्च १८०८ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मग वाद जिंकला कोणी?

नावात लिनियस जिंकले. आज गणाचे अधिकृत नाव ‘हेमिप्टेरा’, म्हणजे पंखांवरून पडलेलेच आहे. व्याख्येत मात्र फॅब्रिशियस जिंकले. कीटक या गणात आहे की नाही, हे आज आधी चोचीवरूनच ठरते. मावा किंवा पिठ्या ढेकूण यांच्यातील अनेकांना पंखच नसतात, तरीही ते या गणात आहेत ते तोंडामुळे. भारतात तर त्यांचे नावही बराच काळ टिकले. विल्यम डिस्टंट यांनी ब्रिटिश भारतातील या कीटकांवर १९०२ ते १९१८ या काळात लिहिलेल्या खंडांचे शीर्षक ‘रिंकोटा’ असेच आहे.

अर्थात केवळ तोंडावरही सगळे भागत नाही. पंख, पाय, वाढीच्या अवस्था आणि आता डीएनए असे सारे एकत्र पाहूनच नाते ठरवले जाते. एकाच लक्षणावर सारा डोलारा उभारणे ही फॅब्रिशियस यांच्या पद्धतीची मर्यादा होती.

आज याचा उपयोग काय?

कृषी विभागाचा कोणताही सल्ला उघडा. त्यात ‘रसशोषक किडी’ आणि ‘पाने खाणाऱ्या अळ्या’ अशी विभागणी दिसेल. ही विभागणी तोंडावरूनच केलेली आहे. चावणाऱ्या किडीला पानावरचे पोटविष लागू पडते. शोषणारी कीड पानाच्या आतून रस ओढते, म्हणून तिच्यासाठी आंतरप्रवाही औषध लागते. चुकीचे औषध निवडले तर खर्च वाया जातो आणि कीडही तशीच राहते.

पण चोच आहे म्हणून प्रत्येक ढेकूण शत्रू नसतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने ‘पनवेल-१, २, ३’ यांसारखे खारवट जमिनीत तग धरणारे भाताचे वाण दिले. असा भात खारेपाटात हाती येतो तेव्हा तो राखण्यात मित्रकीटकांचाही वाटा असतो. म्हणून फवारणीआधी काठीने एखादा ढेकूण उलटा करून पाहावा. चोच लांब, सरळ आणि पोटाला चिकटून मागे गेलेली असेल तर तो बहुधा रस शोषणारा. चोच आखूड, जाड, बाकदार आणि पुढच्या पायांपाशीच थांबलेली असेल तर तो मारेकरी, म्हणजे पिकाचा राखणदार.

हाताने मात्र धरू नये. त्याचा दंश फार झोंबतो. याच कुळातील काही रक्तपिपासू प्रजाती मध्य व दक्षिण अमेरिकेत शागास हा गंभीर आजार पसरवतात. कार्लोस शागास या ब्राझिलियन डॉक्टरने १९०९ मध्ये तो शोधून काढला. बांधावरचा शिकारी मात्र माणसाच्या रक्तासाठी येत नाही. डिवचला किंवा दाबला गेला तरच तो चावतो. त्याला त्याच्या जागी सोडून देणे, हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे.