मैदानावरून परत न आलेले महाराज

बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांचे नाव आज अश्वशर्यतींच्या इतिहासात अधिक घेतले जाते. १९०८ मध्ये जन्मलेले प्रतापसिंहराव १९३९ मध्ये आजोबा सयाजीराव महाराजांनंतर गादीवर आले. १९४३ मध्ये मुंबईची पहिली इंडियन डर्बी त्यांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ने जिंकली. १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी एक वर्षाचे शिंगरू २८ हजार गिनींना विकत घेतले. तो तेव्हाचा विक्रम होता. आजोबांचे नाव दिलेल्या या ‘सयाजीराव’ने १९४७ मध्ये आयरिश डर्बी व सेंट लेजर जिंकली. १९४८ मध्ये ‘माय बाबू’ने टू थाउजंड गिनीज पटकावली.

दोन्ही घोडे पुढे पैदाशीसाठी गेले. असा घोडा सहसा पुन्हा सरावाला आणत नाहीत. त्याचे अंग जड होते, स्वभाव बदलतो आणि पराभव झाल्यास पैदाशीतील मोलही घटते. अमेरिकेचा ‘असॉल्ट’ शर्यतीत परतला, तो प्रजननक्षम नसल्याचे आढळल्यामुळे.

महाराजांच्या खर्चावर मात्र टीका होत राहिली. त्यांच्याच काळात, १९४९ मध्ये, बडोद्यात आजोबांच्या नावे विद्यापीठ उभे राहिले. त्याच वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली व पुत्र फत्तेसिंहराव यांना महाराज मानले. गेलेले पद परत मिळाले नाही.

१९६४ मध्ये ‘सयाजीराव’चा वंशज ‘इंडियाना’ सेंट लेजरचा विजेता ठरला. चार वर्षांनी लंडनमध्ये महाराजांचे निधन झाले.