आकाशवाणीच्या धूनमागचा माणूस

स्मरणिकेसाठी आपल्या गावच्या एखाद्या मोठ्या माणसावर लिहा, असे संपादक मंडळाने सुचवले होते. डॉ. कोटणीसांवर दरवेळी कोणी ना कोणी लिहितोच. म्हणून मी एका परक्या माणसावर लिहितो आहे. त्याचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असेल, पण शाळेच्या दिवसांत त्याचे काम आपण रोज सकाळी ऐकलेले आहे. गिरणीचा भोंगा आणि रेडिओची ती धून, या दोन आवाजांवर सोलापुरातल्या कित्येक घरांची सकाळ चालायची.

तंबोऱ्यावर व्हायोलिनचे सूर असलेली ती धून १९३६ च्या सुमाराची. तिचे श्रेय सहसा वॉल्टर कॉफमन यांना दिले जाते. काही जण दिल्ली केंद्रावरच्या जॉन फोल्ड्स यांचेही नाव घेतात. तो वाद जाणकारांवर सोडू. कॉफमन यांचे आयुष्य धूनपेक्षा बरेच मोठे आहे.

त्यांचा जन्म १९०७ चा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाडचा. घराणे ज्यू. बर्लिनला फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे ते संगीतरचना शिकले आणि ऑपेराच्या वाद्यवृंदाचे संचालन करू लागले. पुढे प्राग येथे डॉक्टरेटचा अभ्यास पूर्ण होत आला, तेव्हा आपले प्राध्यापक नाझींच्या युवक संघटनेचे पुढारी आहेत हे त्यांना कळले. अशा माणसाच्या हातून पदवी नको म्हणून त्यांनी ती नाकारली. ऐन पंचविशीत, पोटापाण्याचा ठिकाणा नसताना पदवी नाकारणे सोपे नसते. आपल्या शिक्षकमंडळींना हे अधिक कळेल.

कंडक्टर म्हटले की आपल्याला एस.टी.तला आठवतो, फार तर लग्नातला बँडमास्तर. आपल्या मैफलीत गवई स्वतःच सारे सांभाळतो, समेवर सगळे आपोआप भेटतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र प्रत्येकाच्या पुढ्यात फक्त त्याच्यापुरता कागद असतो. सबंध रचना एकट्या संचालकाच्या डोळ्यांसमोर असते. रचना नवी, कोणी कधी न ऐकलेली असेल तर त्याचे काम दुप्पट अवघड.

१९३४ साली हिटलरच्या छायेतून निघून कॉफमन मुंबईला आले. चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी हे त्यांचे मित्र, त्यांच्यासाठी त्यांनी चित्रपटसंगीतही केले. इकडे येण्याआधी त्यांनी आपल्या संगीताच्या तबकड्या ऐकल्या होत्या आणि त्यांना त्यातले काही म्हणजे काही कळले नव्हते. पण त्यांनी दोष स्वतःकडे घेतला. हृदय आणि बुद्धी असलेल्या माणसांनी हे घडवले आहे, तेव्हा न कळण्यात चूक आपलीच, त्याच्या घरी जाऊनच ते शिकले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. मला त्यांच्या साऱ्या कर्तृत्वात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. मुंबईतले बरेच गोरे लोक हेच संगीत ऐकून नाक मुरडत, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मुंबईत त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी कार्यक्रम होई. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहता यांचे वडील, आणि चेलोवर इटालियन वादक व्हेर्गा. १९३७ पासून ते आकाशवाणी मुंबईच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. १९३८ साली डॉ. कोटणीस मुंबई बंदरातून चीनला निघाले. त्याच वर्षी याच शहरात कॉफमन यांचा ‘अनसूया’ हा रेडिओ ऑपेरा प्रसारित झाला. १९४५ साली त्यांनी पियानो आणि छोट्या वाद्यवृंदासाठी ‘नवरत्नम्’ रचले. शीर्षकेच पाहा! युरोपात आप्तेष्टांची वाताहत चालू होती. त्यांच्या पत्नी गेर्टी या लेखक काफ्का यांची भाची, आणि काफ्कांच्या तिन्ही बहिणी नाझींच्या हातून गेल्या. अशा बातम्यांच्या दिवसांत हा माणूस मुंबईत बसून राग समजून घेत होता.

थोड्या मुक्कामासाठी आलेले कॉफमन बारा वर्षे राहिले. १९४६ ला इंग्लंड, मग कॅनडा. १९४८ पासून जवळपास दहा वर्षे ते विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पहिले संचालक होते. तो वाद्यवृंद त्यांनी अगदी आरंभापासून उभा केला. पुढे अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. १९६८ साली उत्तर भारतीय रागांवरचा आणि १९७६ साली दक्षिणेतल्या रागांवरचा असे त्यांचे दोन जाडजूड ग्रंथ निघाले.

सप्टेंबर १९८४ मध्ये ब्लूमिंग्टन येथे ते वारले. रचनाकार म्हणून जग त्यांना विसरूनच गेले होते. २०२० साली टोरांटोच्या एआरसी आँसांब्ल या वादकसमूहाने त्यांच्या चेंबर संगीताची ध्वनिमुद्रिका काढली. त्यातल्या रचना मुख्यतः मुंबईच्या काळातल्या आहेत. ती इंटरनेटवर मिळते. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, त्यातले एखादे चतुष्टक लावावे अशी माझी संयोजकांना विनंती आहे.