पियानोचा शिल्पकार

जर्मनीतील हार्झ पर्वताच्या कुशीत वोल्फ्सहागेन नावाचे खेडे आहे. तेथे १५ फेब्रुवारी १७९७ रोजी हाइन्रिख स्टाइनवेग यांचा जन्म झाला. त्यांचे बालपण नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत गेले. पुढे झेसेन गावी त्यांनी संसार थाटला. लाकूडकामात त्यांचा हात कुशल होता. परंतु मन रमे ते वाद्ये घडविण्यात.

पियानोची पट्टी दाबताच आतील हातोडी तारेवर आघात करते आणि स्वर उमटतो. ‘ग्रँड’ जातीच्या पियानोत तारा आडव्या पसरलेल्या असतात. असा पियानो बांधण्यास जागा मोठी लागते. स्टाइनवेग यांनी १८३६ साली आपला पहिला ग्रँड पियानो घराच्या स्वयंपाकघरातच तयार केला!

त्यांचा धंदा वाढला. पण देशात अस्वस्थता माजली होती. १८४९ साली त्यांचा मुलगा कार्ल अमेरिकेस गेला. त्याच्या पाठोपाठ १८५० मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, स्टाइनवेग कुटुंबासह न्यूयॉर्कला पोहोचले. थोरला मुलगा थिओडोर तेवढा मायदेशी राहिला. ज्यांनी स्वतःचा कारखाना चालविला होता, त्यांना आता परक्याच्या कारखान्यात मजुरी करावी लागली. त्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. तेथील पद्धती शिकून घेतल्यावर ५ मार्च १८५३ रोजी पितापुत्रांनी ‘स्टाइनवे अँड सन्स’ हा व्यवसाय सुरू केला.

लांब तारेतून खर्जाचा स्वर भारदस्त निघतो. मात्र तारा लांबविल्या की पेटीही लांब होते. स्टाइनवे यांचा मुलगा हेन्री याने ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेल्या व १८५९ साली या रचनेचे पेटंट मिळविले. त्यामुळे त्याच मापाच्या पेटीत अधिक लांब तारा बसू लागल्या. घरच्या दिवाणखान्यात मावणाऱ्या मध्यम आकाराच्या ग्रँड पियानोलाही पुढे या रचनेमुळे भरदार खर्ज लाभला.

यश हाती येत असतानाच दैवाने घाला घातला. १८६५ साली हेन्री व चार्ल्स, म्हणजेच पूर्वीचा कार्ल, हे दोन्ही कर्ते पुत्र मृत्युमुखी पडले. अडुसष्ट वर्षांच्या पित्यावर हा वज्राघातच होता. तरीही त्यांनी काम थांबू दिले नाही. जर्मनीतील आपला धंदा विकून थिओडोर पित्याच्या मदतीस आला. विल्यमने व्यवहाराची धुरा वाहिली. अवघ्या दोन वर्षांत, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात, त्यांच्या पियानोला सुवर्णपदक मिळाले.

७ फेब्रुवारी १८७१ रोजी न्यूयॉर्क येथे स्टाइनवे यांचे निधन झाले. स्वयंपाकघरात आरंभिलेले त्यांचे कार्य जगातील मोठमोठ्या सभागृहांत जाऊन पोहोचले. उतारवयात पुन्हा शिकाऊ होण्याची तयारी आणि दुःखातही न सुटलेली कर्तव्यनिष्ठा हेच त्यांच्या यशाचे मर्म होय.