सॅम्युएल बॅम्फर्ड

सॅम्युएल बॅम्फर्ड (जन्म : २८ फेब्रुवारी १७८८, मृत्यू : १३ एप्रिल १८७२) हे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील विणकर, कवी, आत्मचरित्रकार आणि संसदीय सुधारणांचे पुरस्कर्ते होते. १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्ड या मैदानात भरलेल्या सभेसाठी मिडल्टन गावाहून निघालेल्या जथ्याचे ते पुढारी होते. घोडदळाच्या हल्ल्यामुळे ही सभा पुढे पीटरलू हत्याकांड या नावाने ओळखली गेली. नेपोलियनविरुद्धची युद्धे संपल्यानंतरच्या वर्षांत लँकेशायरच्या कापडगावांतील कष्टकरी कसे जगत होते, याविषयी त्यांच्या आत्मचरित्राइतका तपशीलवार वृत्तांत दुसऱ्या कोणा विणकराने क्वचितच लिहिला असेल.

बालपण व शिक्षण

बॅम्फर्ड यांचा जन्म मँचेस्टरच्या उत्तरेस असलेल्या मिडल्टन येथे झाला. त्यांचे वडील डॅनियल हे मलमलीचे विणकर होते. ते काही काळ मुलांना शिकवीतही असत. पुढे मँचेस्टर येथील निराधारांच्या सरकारी आश्रयगृहाचे व्यवस्थापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब तेथे राहावयास गेले. आश्रयगृहातील साथीच्या तापात सॅम्युएल यांची आई मरण पावली.

मँचेस्टरच्या ग्रामर स्कूलमध्ये सॅम्युएल हुशार विद्यार्थी ठरले, परंतु लॅटिनच्या वर्गात जाण्याची वेळ आली तेव्हा विणकराच्या मुलास लॅटिनचा काय उपयोग, असे वाटून वडिलांनी त्यांना पुढे पाठविले नाही. याची खंत त्यांना जन्मभर राहिली. मिल्टन, बर्न्स आणि पोपने इंग्रजीत आणलेला होमर त्यांनी आपले आपण वाचले. विणकाम शिकल्यावर काही काळ त्यांनी कोळसा वाहणाऱ्या जहाजावर खलाशी म्हणून आणि मँचेस्टरच्या कापडगोदामांत कामगार म्हणून काम केले. १८१० मध्ये त्यांचा विवाह जेमायमा यांच्याशी झाला. या दांपत्यास अ‍ॅन ही एक मुलगी होती.

युद्धोत्तर मिडल्टन

सूतगिरण्यांनी सूतकताईचे काम यंत्रावर नेले असले, तरी १८१५ च्या सुमारास लँकेशायरमधील बहुतेक विणकाम अजून घरोघरच्या हातमागांवरच होत असे. विणकराने मँचेस्टरच्या व्यापाऱ्याकडून ताण्याबाण्याचे सूत घरी आणावयाचे, बायकामुलांनी कांड्या भरावयाच्या आणि तयार तागा पाठीवर टाकून कित्येक मैल चालत गोदामात पोहोचवावयाचा, असा हा व्यवसाय होता. ताग्यात खोट काढली गेली की मजुरी कापली जाई. यंत्रमाग अद्याप थोडेच होते, पण त्यांची धास्ती मोठी होती. एप्रिल १८१२ मध्ये मिडल्टनमधील यंत्रमागाच्या एका गिरणीवर जमाव चालून गेला, तेव्हा गिरणीतून झालेल्या गोळीबारात अनेक माणसे ठार झाली होती.

जून १८१५ मध्ये वॉटर्लूची लढाई झाली आणि युद्ध संपले. शांतता आली की धंदा सुधारेल अशी लोकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात सैन्याची मागणी थांबली, मोकळे झालेले सैनिक काम शोधीत गावोगावी परतले आणि विणकरांचे मजुरीचे दर उतरत गेले. त्याच वर्षी संमत झालेल्या धान्य कायद्याने देशी गव्हाचा भाव क्वार्टरमागे ८० शिलिंगांपर्यंत चढेपर्यंत परदेशी गव्हाच्या आयातीस बंदी केली. हा कायदा जमीनदारांच्या हिताचा होता. १८१६ चा उन्हाळा विलक्षण थंड व पावसाळी गेल्याने पीकही बुडाले. एकीकडे उतरती मजुरी व दुसरीकडे महाग पाव, अशा कोंडीत ही गावे सापडली. मँचेस्टरसारख्या मोठ्या शहरासही तेव्हा संसदेत स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. त्यामुळे भुकेच्या तक्रारीतून मताधिकाराची मागणी पुढे आली, यात नवल नाही.

१८१६ मध्ये मिडल्टन येथे हॅम्प्डन क्लब स्थापन झाला आणि बॅम्फर्ड त्याचे चिटणीस झाले. मार्च १८१७ मध्ये अंगावर घोंगड्या घेऊन मँचेस्टरहून लंडनपर्यंत पायी जाण्याची मोहीम निघाली, तिला त्यांनी विरोध केला. उपाशी माणसांची ही यात्रा वाटेतच मोडली जाईल असे त्यांचे मत होते, आणि झालेही तसेच. तरीही त्याच महिन्यात राजद्रोहाच्या संशयावरून त्यांना अटक करून लंडनला नेण्यात आले. गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्या उपस्थितीत प्रिव्ही कौन्सिलने त्यांची चौकशी केली व नंतर त्यांना सोडून दिले.

पीटरलू

१८१९ च्या उन्हाळ्यात हेन्री हंट यांच्या सभेची तयारी सुरू झाली. सुधारणावाद्यांच्या सभा म्हणजे फाटक्या, बेशिस्त लोकांची गर्दी, अशी टीका वृत्तपत्रे करीत असत. तिला उत्तर म्हणून मिडल्टनचे विणकर पहाटे व संध्याकाळी आसपासच्या माळरानावर रांगेने चालण्याचा सराव करू लागले. त्यांना शिकविणारे बहुधा सैन्यातून परतलेले गावकरीच होते. बॅम्फर्ड यांच्या लेखी ही कवायत स्वच्छता, संयम व शांतता यांचाच भाग होती. दंडाधिकाऱ्यांना मात्र तीत बंडाची पूर्वतयारी दिसली. सभेच्या आदल्या दिवशी व्हाइट मॉस येथे कवायतीवर पाळत ठेवण्यास गेलेल्या माणसांना मारहाण झाली, त्यामुळे त्यांचा संशय अधिकच बळावला. संरक्षणासाठी काही जणांनी काठ्या घ्याव्यात असे बॅम्फर्ड यांना वाटत होते. तथापि हंट यांच्या आग्रहाखातर केवळ वृद्ध व अशक्त माणसांनाच काठीची मुभा राहिली.

१६ ऑगस्टच्या सकाळी मिडल्टनहून सुमारे ३,००० लोक ठेवणीतले कपडे घालून, वाद्ये व दोन रेशमी निशाणे घेऊन निघाले. पुढाऱ्यांच्या टोपीत लॉरेलच्या डहाळ्या होत्या. स्त्रियांमध्ये जेमायमा होत्या. मैदानात सुमारे ६०,००० लोक जमले असावेत असा अंदाज आहे. हंट यांना पकडण्यासाठी दंडाधिकाऱ्यांनी प्रथम स्थानिक स्वयंसेवी घोडदळ आणि त्यामागून १५ वी हुसार पलटण गर्दीत घातली. या पलटणीने वॉटर्लूवर लढाई केली होती, आणि जखमी होऊन पुढे मरण पावलेले ओल्डहॅमचे जॉन लीस हेही वॉटर्लूवर लढलेले सैनिक होते. पीटरलू हे नाव त्या लढाईच्या नावावरूनच उपरोधाने पडले. सुमारे १८ जण मृत्यू पावले आणि ६०० हून अधिक जखमी झाले. गोंधळात बॅम्फर्ड पतिपत्नींची ताटातूट झाली. परतीच्या वाटेवर हार्परहे येथे त्यांची पुन्हा भेट झाली आणि तेथून उरलेले लोक वाद्य वाजवीत, पुन्हा रांगेने मिडल्टनला परतले.

काही दिवसांतच बॅम्फर्ड यांना अटक झाली. मार्च १८२० मध्ये यॉर्क येथे हंट व इतरांबरोबर त्यांच्यावर खटला चालला. तेथे त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. त्यांना एक वर्षाची शिक्षा होऊन लिंकनच्या तुरुंगात ठेवण्यात आले. अनधिकृत कवायतीवर बंदी घालणारा कायदा त्यापूर्वीच, डिसेंबर १८१९ मध्ये, करण्यात आला होता.

उत्तरायुष्य व लेखन

सुटकेनंतर बॅम्फर्ड संघटित राजकारणापासून दूर गेले. १८२६ मध्ये लँकेशायरमध्ये यंत्रमाग फोडण्याची लाट उसळली, तेव्हा त्यांनी आपल्या भागातील विणकरांना त्यापासून परावृत्त केले. चार्टिस्ट चळवळीतील शस्त्रबळाच्या भाषेला त्यांनी कडाडून विरोध केला आणि त्या काळात विशेष कॉन्स्टेबल म्हणून शपथही घेतली. त्यामुळे अनेक जुन्या सोबत्यांनी त्यांना फितूर मानले. हा आरोप पूर्णतः न्याय्य नाही, कारण शांततेचा त्यांचा आग्रह १८१७ पासूनचाच होता. मात्र उतारवयात प्रतिष्ठित वर्गाची मान्यता त्यांना हवीशी वाटू लागली होती, हेही त्यांच्या लेखनातून जाणवते.

त्यांचे 'पॅसेजेस इन द लाइफ ऑफ अ रॅडिकल' हे आत्मकथन १८४० ते १८४४ या काळात, तर बालपणाविषयीचे 'अर्ली डेज' १८४९ मध्ये प्रसिद्ध झाले. पीटरलूनंतर २० वर्षांनी, आणि चार्टिस्टांना उद्देशून लिहिल्यामुळे पहिले पुस्तक काहीसे समर्थनपर झाले आहे. तरीही माळावरील कवायत, गोदामातील घासाघीस आणि घरातील चूल यांची वर्णने इतिहासकारांना मोलाची वाटतात. ई. पी. थॉम्पसन यांनी इंग्लंडच्या कामगारवर्गाच्या इतिहासात (१९६३) त्यांचा आधार घेतला आहे. लँकेशायरच्या बोलीभाषेवरही बॅम्फर्ड यांनी काम केले आणि तिच्यात कविता लिहिल्या.

१८५१ मध्ये त्यांना लंडनच्या सॉमरसेट हाउसमधील सरकारी करखात्यात कनिष्ठ पद मिळाले. तेथे मन न रमल्याने काही वर्षांनी ते मँचेस्टर परिसरात परतले. जेमायमा यांचे १८६२ मध्ये निधन झाले. मुलगी अ‍ॅन त्यापूर्वीच, १८३४ मध्ये, वारली होती. बॅम्फर्ड यांचा मृत्यू हार्परहे येथे झाला. मिडल्टनच्या सेंट लेनर्ड चर्चच्या आवारातील दफनविधीस हजारो लोक उपस्थित होते आणि १८७७ मध्ये तेथे त्यांचे स्मारक उभारण्यात आले. पीटरलूला नेलेल्या मिडल्टनच्या दोन निशाणांपैकी एक आजही जतन केलेले आहे.