नाना शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी, १८०३ – ३१ जुलै, १८६५) हे मुंबईतील व्यापारी, शिक्षणप्रसारक व भारतीय रेल्वेच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक होते. त्यांचे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह त्यांनी मुंबईत रेल्वेसाठी संस्था स्थापन केली. पुढे दोघेही ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावर आले. भांडवल मुख्यतः इंग्लंडचे होते. नानांचे खरे योगदान म्हणजे त्यांच्या शब्दाला मुंबईत असलेले वजन.

१६ एप्रिल, १८५३ रोजी बोरीबंदरहून सुमारे ४०० प्रवाशांसह पहिली गाडी ठाण्यास गेली. पुढल्याच वर्षी हा मार्ग खाडी ओलांडून, डोंबिवली गावाजवळून, कल्याणपर्यंत वाढला. मुरबाडला मात्र विसावे शतक सरले तरी रेल्वे पोचली नव्हती.